यकृताचा निबरपणा आणि उपचाराची दिशा

पोटाची सोनोग्राफी करून आलेल्या माणसाच्या कागदावर हल्ली एक ओळ वारंवार दिसते. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’. कुणाच्या कागदावर दोन, कुणाच्या तीन. एकवाला म्हणतो, “काही विशेष नाही, थोडी चरबी आहे.” तीनवाला घाबरून अंथरूण धरतो, आणि शेजारीपाजारी त्याला काढ्यांची नावे सांगू लागतात. ह्या दोघांचीही समजूत चुकीची असू शकते. चरबी किती आहे ह्यापेक्षा यकृत किती निबर झाले आहे, हा प्रश्न मोठा आहे. आणि उपचार कोणता, कुठे आणि किती घाईने करावयाचा हे बरेचसे त्या उत्तरावर ठरते. ते उत्तर कसे मिळवावयाचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम यकृताची थोडी ओळख करून घेऊ. उजव्या फासळ्यांच्या आड असलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव. बोलीत आपण त्याला काळीज म्हणत आलो, आणि मटणाच्या दुकानात त्याचेच नाव कलेजी. अन्नातून रक्तात आलेली साखर साठवणे, लागेल तेव्हा ती परत देणे, पित्त तयार करणे, विषारी द्रव्ये निकामी करणे अशी पुष्कळ कामे तो गुपचूप करतो. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट पदार्थ पोटात गेले, अंगमेहनत कमी पडली, की यकृत त्या जादा मालाची चरबी बनवते आणि काही आपल्याच पेशींत साठवते. धान्याच्या कोठारात जागा संपली म्हणजे पोती माजघरात येतात, तसेच हे आहे. मधुमेह, वाढलेली कमर, उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेली चरबी ह्या तक्रारी असणाऱ्यांत हा विकार विशेष आढळतो.

“पण मी तर दारूला शिवतही नाही!” असे पुष्कळजण म्हणतात, आणि ते खरे सांगत असतात. दारूने यकृत बिघडते हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही तसाच बिघाड होतो, ह्या विकाराला १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वेगळे नाव दिले. त्यांच्यापुढे त्या वेळी अवघे २० रुग्ण होते. पुढे २०२३ साली तज्ज्ञांनी ह्या आजाराचे नाव बदलले आणि चयापचयातील बिघाडाशी त्याचे नाते नावातच सांगितले. आपल्याकडेही २०२१ साली केंद्र सरकारने हा आजार मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग ह्यांच्यासाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला. तेव्हा हा केवळ शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असे कुणी समजू नये.

आता मुख्य मुद्दा. यकृतातील चरबी ही ह्या आजाराची पहिली पायरी होय. बहुसंख्य लोक ह्याच पायरीवर राहतात. काहींच्या यकृतात मात्र चरबीमुळे दाह सुरू होतो. दाह झाला की शरीर तो भाग भरून काढते आणि तेथे वण राहतो. हाताला कापल्यावर वण राहतो, तसाच हा. एक वण, दोन वण असे वर्षानुवर्षे साठत गेले की मऊ यकृत घट्ट होऊ लागते. ह्या वणांना डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात, आणि यकृत वणांनी पार गाठाळून गेले की त्यास सिऱ्हॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे, यकृताचा कर्करोग होणे हे धोके प्रामुख्याने वण वाढलेल्यांच्या वाट्याला येतात. ह्या सगळ्या काळात पोट दुखत नाही, कावीळ होत नाही, भूकही लागते. म्हणूनच माप घ्यावे लागते.

साधी सोनोग्राफी हे माप नीट देऊ शकत नाही. तिला यकृत चकचकीत पांढरे दिसते आणि त्यावरून ती चरबीचा अंदाज सांगते. थोडी चरबी असेल तर तीही तिच्या नजरेतून सुटते. सुरुवातीचे आणि मधल्या टप्प्याचे वण तर तिला दिसतच नाहीत. शिवाय एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. यकृत फार निबर झाले म्हणजे त्यातील चरबी कित्येकदा आपोआप कमी होते. म्हणजे ग्रेड तीनवरून ग्रेड एकवर आलेला माणूस सुधारलाच असेल असे नाही. वजन कमी करून, साखर आटोक्यात आणून ग्रेड उतरली असेल तर आनंदच आहे; पण काहीही न करता उतरली असेल, तर आनंद करण्यापूर्वी निबरपणा मोजून घ्यावा.

निबरपणा मोजावयाचा कसा? बाजारात भेंडी घेताना आपण तिचे टोक मोडून पाहतो. कोवळी असेल तर चटकन मोडते, निबर असेल तर वाकते. पूर्वी यकृताच्या बाबतीतही असेच काहीसे करावे लागे. सुई घालून तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. काही रुग्णांत आजही ते आवश्यक असते. परंतु २००० नंतरच्या काळात फ्रान्समध्ये एक यंत्र तयार झाले, त्याने हे काम बाहेरूनच करता येऊ लागले. त्याचे नाव फायब्रोस्कॅन.

ह्या यंत्राचे तत्त्व शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. कपडे वाळत घालायची दोरी घ्या. दोन मुलांनी ती सैल धरावी आणि एकाने हलकासा झटका द्यावा. लाट सावकाश जाईल. आता दोरी ताणून धरा आणि तसाच झटका द्या. लाट झपकन पोचेल. यकृताचेही तसेच. ते मऊ असेल तर धक्क्याची लाट त्यातून हळू जाते, घट्ट असेल तर वेगाने जाते. यंत्राचा दांडा फासळ्यांच्या मध्ये टेकवून एक बारीक ठोका देतात. टिचकी मारावी एवढाच तो लागतो. मग ध्वनिलहरींच्या साहाय्याने त्या लाटेचा वेग मोजतात. वेगावरून निबरपणा काढण्याचे गणित असे: वेगाचा वर्ग करा, त्यास घनतेने गुणा आणि आलेल्या संख्येची तिप्पट करा. यकृताची घनता पाण्याइतकी धरली, तर सेकंदाला १ मीटर वेगास ३ किलोपास्कल आणि २ मीटर वेगास १२ किलोपास्कल असे उत्तर येते. वेग दुप्पट झाला की निबरपणा चौपट, हे वरच्या वर्गातील मुले स्वतः पडताळून पाहू शकतील.

ह्या तपासणीच्या कागदावर दोन आकडे असतात, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. एक आकडा डेसिबल प्रति मीटर ह्या एककात असतो. त्याला ‘कॅप’ म्हणतात. तो चरबीचा. साधारण २७५ च्या वर गेला की यकृतात चरबी आहे असे समजतात. दुसरा आकडा किलोपास्कलमध्ये असतो. तो निबरपणाचा, म्हणजे वणांचा. चरबीचा आकडा शेकड्यांत असल्यामुळे तोच मोठा वाटतो आणि लोक त्यालाच घाबरतात. वास्तविक डॉक्टरांची नजर आधी किलोपास्कलकडे जाते. निरोगी यकृताचे माप साधारणतः ५ च्या आसपास असते. चरबीच्या आजारात ते ८ पेक्षा कमी असेल तर जास्त वण असण्याचा संभव फार थोडा. ८ ते १२ हा संशयाचा पट्टा. १२ च्या वर गेले तर वण बरेच वाढले असण्याची शक्यता मोठी.

ही यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असतात. मग गावातल्या प्रत्येक माणसाने एस.टी. धरून शहर गाठावे काय? तसे मुळीच नाही. आधी एक स्वस्त चाळणी लावता येते. तिला फिब-४ म्हणतात. तिला चार गोष्टी लागतात: वय, रक्तातील प्लेटलेटची संख्या, आणि एएसटी व एएलटी ही यकृताची दोन माने. काही कागदांवर ह्याच दोहोंना एसजीओटी आणि एसजीपीटी म्हटलेले असते. हे साधे रक्ततपासणीचे काम आहे. गणित असे: वयास एएसटीने गुणावे. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एएलटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकारास दुसऱ्याने भागावे. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर तूर्त काळजी नाही. १.३ ते २.६७ आले तर निबरपणा मोजून घ्यावा. २.६७ च्या वर आले तर सरळ तज्ज्ञाकडे जावे. ६५ वर्षांवरील माणसांसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. पस्तिशीच्या आतील तरुणांत ही चाळणी तितकी भरवशाची नाही.

हे उदाहरणाने पाहू. कल्पना करा, एका गावात दोन शेजारी आहेत. एक प्राथमिक शाळेतले गुरुजी, वय ४०. सोनोग्राफीत ग्रेड तीन. त्यांचे एएसटी ३६, एएलटी ४९, प्लेटलेट २ लाख ४० हजार. ४० गुणिले ३६ म्हणजे १४४०. एएलटीचे वर्गमूळ ७. २४० गुणिले ७ म्हणजे १६८०. भागाकार आला ०.८६. दुसरे त्यांचे शेजारी शेतकरी, वय ५६, बारा वर्षांचा मधुमेह, अंगाने सडपातळ. सोनोग्राफीत ग्रेड एक. एएसटी ४५, एएलटी ३६, प्लेटलेट १ लाख ७५ हजार. ५६ गुणिले ४५ म्हणजे २५२०. एएलटीचे वर्गमूळ ६. १७५ गुणिले ६ म्हणजे १०५०. भागाकार आला २.४.

गुरुजी घाबरून शहरात गेले आणि त्यांनी यकृताचे माप घेतले. चरबी ३३०, निबरपणा ५.२. शेतकरीदादा मात्र “ग्रेड एक तर आहे, मला काय झालंय?” म्हणून घरीच राहिले. त्यांच्या पत्नीने हट्ट धरला तेव्हा ते गेले. चरबी २४५, निबरपणा १४.६. आता सांगा, आधी कुणाला जाणे गरजेचे होते? गुरुजींच्या यकृतात चरबी भरपूर आहे, पण ते अजून मऊ आहे. शेतकरीदादांच्या यकृतात चरबी थोडीच उरली आहे आणि वण मात्र वाढले आहेत. ग्रेडच्या भरवशावर राहिलो असतो, तर ज्याला गरज नव्हती त्याने पैसे खर्च केले असते आणि ज्याला गरज होती तो घरी बसला असता. दादांची यकृताची माने जवळपास ठीकच होती आणि अंगाने ते सडपातळ होते, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे बारीक माणसालाही हा आजार होतो.

आता मापाप्रमाणे उपचार पाहू. गुरुजींसारखा ज्यांचा निबरपणा ८ च्या आत आहे, त्यांना यकृतासाठी वेगळ्या गोळ्यांची सहसा गरज नसते. त्यांचा उपचार गावातच होतो. वजन ८० किलो असेल तर ४ किलो, म्हणजे शेकडा ५ एवढे उतरले तरी चरबी कमी होऊ लागते. शेकडा ७ ते १० उतरले तर दाह शमतो, आणि १० किंवा अधिक उतरले तर कित्येकांचे वणही मागे हटतात. सडपातळ माणसाला ह्याहून थोड्या घटीनेही गुण येतो. हे वजन सहा महिने ते वर्षभरात सावकाश उतरवावे. उपासमार करून नव्हे.

त्यासाठी काय करावयाचे? चहातली साखर कमी करत करत बंद करावी. दिवसाकाठी चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हा हिशेब घराघरात करून पाहावा. बाटलीतली गोड पेये, बिस्किटे, फरसाण आणि वडे-भजी हे सणावाराचे पदार्थ समजावेत. ताटात भात थोडा, ज्वारी-बाजरीची भाकरी बेताची, आणि उसळ, डाळ, पालेभाजी, कोशिंबीर भरपूर अशी वाटणी करावी. तूप-तेल तेवढे सोडले आणि गूळ-साखर तशीच ठेवली, तर यकृताला फारसा उपयोग नाही. गूळ साखरेचाच भाऊ आहे. आठवड्यातून निदान १५० मिनिटे दम लागेल इतके भरभर चालावे. “आम्ही शेतात राबतोच की,” असे कुणी म्हणेल. राबणाऱ्याचे राबणे खरेच उपयोगी; पण पेरणी-काढणीच्या दिवसांत राबणे आणि उरलेले महिने मोटारसायकलवर फिरणे, असा प्रकार असेल तर चालणे हवेच.

ज्यांचे माप ८ ते १२ च्या पट्ट्यात आहे, त्यांनी हे सगळे करावेच. शिवाय यकृताच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. दारू पूर्ण बंद करावी. थोडी चालते असे ह्या पायरीवर कुणी समजू नये. नवी औषधे मुख्यतः ह्या आणि ह्याच्या थोड्या पुढच्या पायरीवरील माणसांसाठी आहेत. भारतात २०२० साली सारोग्लिटाझार ह्या औषधास मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ह्यांना ह्या आजारासाठी मान्यता मिळाली. ही अमेरिकेतील मान्यता मध्यम ते वाढलेले वण असणाऱ्या, पण सिऱ्हॉसिस न झालेल्या रुग्णांसाठी आहे. म्हणजे आधी माप आणि मग औषध, असा क्रम येथे आहे. नुसती चरबी आहे म्हणून कुणी ऐकीव माहितीवर ही औषधे विकत घेऊ नयेत.

शेतकरीदादांसारखे माप १२ च्या वर गेलेल्यांनी तज्ज्ञाकडे जाण्यास उशीर लावू नये. सिऱ्हॉसिस आहे की नाही हे तेथे ठरते. असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. ती चरबी पाहण्यासाठी नसून कर्करोगाची गाठ लवकर सापडावी म्हणून असते. अन्ननलिकेतील शिरा फुगल्या आहेत काय, हे दुर्बिणीने पाहावे लागते. येथेही माप कामी येते. इटलीतील बावेनो गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञांच्या परिषदेने २०१५ साली सांगितले, की निबरपणा २० पेक्षा कमी आणि प्लेटलेट दीड लाखांहून अधिक असतील, तर ही दुर्बिणीची तपासणी तूर्त टाळता येते. एका आकड्याने रुग्णाचा त्रास आणि खर्च असा वाचतो.

कोणतेही माप घेताना काटा नीट असावा लागतो. ह्या तपासणीपूर्वी निदान ३ तास काही खाऊ नये. जेवून गेल्यास आकडा खोटाच वाढतो. कावीळ झाली असताना, पित्ताचा मार्ग अडला असताना, हृदय कमजोर होऊन यकृताला सूज आली असताना, किंवा नुकतेच बरेच मद्यपान झाले असतानाही आकडा फुगतो. पोटात पाणी असेल तर माप नीट मिळत नाही. चांगल्या तपासणीत दहा वेळा ठोका देऊन मधली संख्या, म्हणजे मध्यक, कागदावर लिहितात. ती दहा मापे फार विखुरलेली असतील तर तपासणी पुन्हा करावी. कागदावर ‘आयक्यूआर’ म्हणून जी टक्केवारी असते ती ३० च्या आत असावी. एका मोठ्या आकड्याने हादरून जाऊ नये. तो उपाशीपोटी पुन्हा पडताळून घ्यावा. आणि ६.२ चे ६.८ झाले म्हणून रात्रीची झोप घालवू नये. एवढा फरक त्याच माणसात, त्याच आठवड्यातही पडतो. दर तीन महिन्यांनी मापे घेण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल तर फिब-४ चे गणित वर्षा-दोन वर्षांनी आणि नसेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मांडावे.

आणखी दोन सूचना. चरबीच्या आजारातील माणसे यकृतापेक्षा हृदयविकाराने अधिक दगावतात. म्हणून मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ह्यांची औषधे वेळेवर घ्यावीत. कोलेस्टेरॉलची गोळी यकृताला बाधते, अशा समजुतीने ती परस्पर बंद करणारे लोक आहेत. केवळ फॅटी लिव्हर आहे म्हणून ती बंद करण्याचे कारण नाही, डॉक्टरांना विचारावे. दुसरी सूचना काढ्यांबद्दल. यकृत धुऊन काढणारे औषध म्हणून जे विकले जाते, त्याने वण गेल्याचा पुरावा नाही, आणि काही वनौषधींनी यकृतालाच इजा झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

ह्या कामी शिक्षकांची मदत मोठी होईल. आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा जो तक्ता भरतात, त्यात कमरेचे माप विचारलेले असते. पुरुषाची कमर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की यकृत, साखर आणि रक्तदाब तिन्हींकडे लक्ष द्यावे. हे माप एका टेपाने, दोन मिनिटांत होते. गावातील मधुमेही माणसे रक्ततपासणीचे कागद घेऊन बसतात, पण त्यावरचे आकडे त्यांना उलगडत नाहीत. फिब-४ चा गुणाकार-भागाकार मांडून देणे हे शिक्षकाला अवघड नाही. उत्तर १.३ च्या वर आले, तर तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा, एवढे सांगावे. निदान डॉक्टर करतील.

थोडक्यात सांगावयाचे तर, ग्रेड पाहून घाबरू नका आणि ग्रेड पाहून निर्धास्तही होऊ नका. आधी कंबर आणि रक्त तपासा, मग चाळणीचे गणित करा, आणि गणित सांगेल तरच निबरपणाचे माप घ्यायला शहरात जा. माप कमी आले तर उपचार आपल्या ताटात आणि आपल्या पायांत आहे. जास्त आले तरी वेळीच कळले हे बरेच झाले. वण पडण्यास बहुधा वर्षे लागतात, आणि त्यातले कोणतेही वर्ष कामाला लावता येते.